राजाच्या कॉलरमधले सहा आकडे

सकाळी साडेनऊला सूचनाकारांनी लॅपटॉप उघडला, तेव्हा समोर कामाचं पान यायला हवं होतं. त्याऐवजी आला एक निळाशार पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं आणि त्याची सुरुवात अशी होती की, हा ड्राइव्ह वाचता येत नाही, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

“अगं, लॅपटॉप गेला!” ते जागच्या जागी ओरडले.

“कुठे जाईल? आत्ता तर टेबलावर होता,” शिलाई मशीनच्या खडखडाटावरून आतून बायकोचा आवाज आला.

“उघडत नाहीये! काल संध्याकाळी तो अपडेटचं विचारत होता, त्याला मी हो म्हटलं. आणि आता हे!”

“काय लिहिलं होतं त्यात?”

“कशात?”

“हो म्हणण्याआधी जे वाचायचं असतं त्यात.”

त्यात चांगला दीड पानभर मजकूर होता आणि त्यांनी त्यातलं एक अक्षरही वाचलं नव्हतं. साध्या माणसाला हे माफ आहे. पण सूचनाकारांचा धंदाच मुळी लोकांना ‘आधी वाचा’ म्हणून बजावण्याचा. इस्त्री घ्या, मिक्सर घ्या, पंखा घ्या, खोकं उघडल्यावर थर्माकोलच्या खाली जे पातळसं पुस्तक निघतं, ते कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. ती पुस्तकं हे लिहीत. बावीस वर्षं लिहीत होते. ‘वापरण्यापूर्वी हे पुस्तक काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा स्वतःची सहीसुद्धा केली नसेल. सूचनाकार हे नाव बायकोनं ठेवलं होतं, कौतुकानं की वैतागून ते तिलाच ठाऊक, आणि मग सगळ्या गल्लीनं ते उचललं.

त्यांचं दुःख एकच होतं. ही पुस्तकं कोणी वाचत नसे. दुसऱ्यांचं सोडा, घरच्या कपाटात त्यांनी लिहिलेली त्रेसष्ट पुस्तकं ओळीनं लावलेली होती, आणि बायकोनं त्यातलं एकही उघडलं नव्हतं. विचारलं तर ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणे, “वाचतंय कोण, अहो!” शिवाय एकाही पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. पण चौसष्टाव्यावर ते येणार होतं! वॉशिंग मशीनच्या एका कंपनीनं त्यांची विनंती मान्य केली होती. पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात का होईना, ‘लेखन’ असं छापून त्यापुढे त्यांचं नाव. ते पुस्तक आज दुपारी दोनच्या आत छापखान्यात पोचायचं होतं. आणि ते त्या निळ्या पडद्याच्या पलीकडे होतं.

त्यांनी छापखान्याच्या मालकांना फोन लावला.

“थोडा उशीर झाला तर चालेल का हो?”

“छे छे, दोनला मशीन सुरू म्हणजे सुरू. तुमचं नाही आलं तर मागच्या वर्षीचंच छापतो, कंपनीनं सांगूनच ठेवलंय. त्यातही काय वाईट आहे? एकही तक्रार आली नव्हती.”

“कोणी वाचलंच नाही तर तक्रार कुठून येणार!”

“तेच म्हणतोय मी,” मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला. तो मोठा शांत माणूस होता.

“दुसरी प्रत ठेवलीय का?” त्यानं विचारलं.

“ठेवलीय तर! दोन प्रती आहेत.”

“दुसरी कुठे आहे?”

“त्याच ड्राइव्हवर. दुसऱ्या फोल्डरमध्ये.”

“बरं. मग किल्ली शोधा. किल्ली असली तर पाच मिनिटांचं काम आहे. नसली तर ड्राइव्ह पुसावा लागेल, सगळं जाईल. आणि आधी एक करा, पडद्यावर काय लिहिलंय ते नीट वाचून काढा.”

“अहो, वाचलंय!” सूचनाकार उखडले. “मला सांगताय? असली पुस्तकं मी लिहितो.”

फोन ठेवला आणि त्यांना एकदम आठवलं. किल्ली होती! लॅपटॉप नवा घेतला तेव्हा याच दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, किल्ली छापून सुरक्षित जागी ठेवा. त्या दिवशी सूचनाकारांनी सूचना अगदी तंतोतंत पाळली होती. साध्या कागदावर नाही, पुस्तकाच्या कव्हरसाठी वापरतात तसल्या जाड कागदावर, ठसठशीत आकड्यांत, आठ ओळी, प्रत्येक ओळीत सहा आकडे. आणि ठेवली होती घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी. बायकोच्या पेपर कटिंगच्या, म्हणजे कपडे बेतायच्या कागदी मापांच्या खणात! कारण त्या खणातला कागद तिनं कधीही, काहीही झालं तरी फेकलेला नव्हता.

ते धावत आतल्या खोलीत गेले. “खणातला जाड कागद! आकडे छापलेला! फेकला नाहीस ना?”

“मी कागद फेकते का कधी?” बायको दुखावून म्हणाली.

सूचनाकारांच्या जिवात जीव आला. “मग दे!”

“कापला ना.”

“काय?”

“कापला. इतका छान कडक कागद, वाया कशाला घालवायचा? वरच्या अर्ध्याचं खिशाचं कटिंग केलं, खालच्यातून बाहीच्या पट्टीचं काढलं. आणि अगदी तळाची पट्टी उरली होती, ती...” ती थांबली. “अहो, त्यावर काही महत्त्वाचं होतं का?”

सूचनाकारांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण घड्याळात साडेदहा वाजले होते आणि रडायलाही वेळ लागतो. त्यांनी खण जमिनीवर उपडा केला. खिशाचं कटिंग तिसऱ्याच पाकिटात सापडलं. त्यावर पहिल्या चार ओळी जशाच्या तशा, फक्त कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘डावा’ असं लिहिलेलं. त्यांनी चोवीस आकडे लॅपटॉपमध्ये भरले. लॅपटॉपनं ते मुकाट्यानं घेतले. सूचनाकारांनी आनंदानं बायकोची पाठ थोपटली.

“अर्धं झालं! बाहीचं कुठंय?”

“काकूंकडे. त्या शिकताहेत ना शिवण, त्यांना नेऊन दिलं परवा.”

काकू समोरच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी दार उघडलं आणि बाहीचं नाव काढताच ओशाळल्या.

“अहो, बाही काही मला जमेना. पण कागद फार उपयोगी पडला हो. आमचा फ्रिज डुगडुगत होता, त्याच्या पायाखाली घातला. आता कसा राजासारखा उभा आहे बघा.”

सूचनाकारांनी फ्रिजकडे पाहिलं. हा फ्रिज त्यांच्या ओळखीचा होता. त्याचं पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं, आणि त्यात पान सातवर ठळक अक्षरांत इशारा होता की, फ्रिज हलवण्याआधी तो पूर्ण रिकामा करा, दोन जणांच्या मदतीशिवाय उचलू नका. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि भरलेला फ्रिज एकट्यानं तिरका केला. आत बाटल्या गडगडल्या, काहीतरी फुटलं, काकू किंचाळल्या, आणि बायकोनं खाली वाकून झटक्यात कागद ओढला.

“मिळाला! पाच, सहा, सात! तिन्ही ओळी आहेत!”

“फ्रिज खाली ठेवा आधी,” काकू म्हणाल्या. “आत काय फुटलं?”

“नंतर सांगतो, काकू! सगळं भरून देतो, काकू!” सूचनाकार जिना उतरता उतरता ओरडले. मानेपासून कमरेपर्यंत एक कळ सरसरत गेली, पण त्यांना तिची पर्वा नव्हती. बेचाळीस आकडे झाले होते. सहा राहिले होते. साडेअकराच वाजले होते!

“आता तळाची पट्टी. ती कुठंय?”

बायको खाली बघू लागली. बावीस वर्षांच्या संसारात ती अशी खाली बघण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके होते.

“महाराजांच्या कॉलरमध्ये,” ती म्हणाली.

महाराज म्हणजे गावातले दंतवैद्य. डॉक्टर मंडळींच्या हौशी नाटकात अठरा वर्षं त्यांना दूत, द्वारपाल आणि एकदा तर नुसता पडद्यामागचा आवाज एवढंच मिळालं होतं, आणि यंदा पहिल्यांदाच ते राजा झाले होते. तेव्हापासून ते पेशंटलाही ‘आऽ करावा’ असं सांगत. त्यांचा पोशाख बायकोनं शिवला होता. पाठीवर मशीननं भरलेला सोनेरी सिंह. त्याचं डिझाइन तिनं कालच लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेऊन भरतकामाच्या मशीनला लावलं होतं. आणि मानेमागे उभी राहणारी चार बोटं उंच कॉलर.

“बकरम संपलं होतं,” बायको म्हणाली. “कॉलर उभी राहीना. पट्टी अगदी मापाची निघाली. आत घालून शिवून टाकली.”

“उसव!”

“काल रात्रीच पोशाख घेऊन गेले ते. आज साडेबाराला रंगीत तालीम आहे.”

सूचनाकारांनी स्कूटर काढली. ती लगेच निघाली असती तर गोष्ट वेगळी होती. पण ती निघाली नाही. बेचाळीस किका मारल्यावर, म्हणजे जितके आकडे हाती होते तितक्या किका मारल्यावर, बायकोनं पेट्रोलचा नॉब उघडा केला आणि मग ती निघाली. लॅपटॉप मिटला तर भरलेले आकडे जातील या भीतीनं बायको तो मांडीवर उघडा धरून मागे बसली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्यानं तिच्याकडे फार आदरानं पाहिलं. इतकं कामसू माणूस त्यानं बघितलं नसावं.

“कशाला हात लावू नकोस!” सूचनाकार दर चौकात मागे न बघता ओरडत होते.

“नाही लावत. पुढे बघा.”

ते सभागृहात पोचले तेव्हा पाऊण वाजून गेला होता आणि पडदा वर गेलेला होता. मागच्या बाजूनं ते रंगपटात घुसले. तिथे तोंडाला रंग लावलेले दोन कानाचे डॉक्टर आणि एक भूलतज्ज्ञ भाले घेऊन बसले होते.

“महाराज कुठे आहेत?”

“सिंहासनावर,” भूलतज्ज्ञ म्हणाला. “दुसरा अंक पूर्ण होईपर्यंत उतरत नाहीत ते. दोन वाजतील.”

“दोन मिनिटांसाठी बोलवा त्यांना!”

“वेड लागलंय का? दिग्दर्शकानं सांगितलंय, भूकंप झाला तरी तालीम थांबणार नाही.”

सूचनाकारांनी विंगेतून डोकावलं. वीस पावलांवर, दिव्यांच्या झगमगाटात दंतवैद्य बसले होते. काय बसले होते! मान ताठ, नजर दूर, आणि मागे त्यांची ती सोनेरी कॉलर. तिच्या आत सहा आकडे होते, आणि त्या सहा आकड्यांच्या मागे बावीस वर्षं. सूचनाकारांच्या अंगात कुठून आलं कुणास ठाऊक, त्यांनी मागे वळून लॅपटॉप बायकोच्या मांडीवर नीट ठेवला, प्रॉम्प्टरच्या हातातला छोटा टॉर्च हिसकावला, खुंटीवरचा सेवकाचा फेटा डोक्यावर चढवला, कोपऱ्यातली चवरी उचलली आणि सरळ रंगमंचावर चालू लागले.

“प्रधानजी,” महाराज गरजत होते, “आमच्या राज्यात अंधार का आहे?”

त्याच क्षणी त्यांच्या मानेवर टॉर्चचा उजेड पडला.

“कोण आहे?” महाराज ओठ न हलवता पुटपुटले. दंतवैद्यांना ते बरोबर जमत होतं.

“मी, सूचनाकार. हलू नका. कॉलरमध्ये माझे आकडे आहेत.”

“काय आहेत?”

“आकडे! तुम्ही बोला, मी वाचतो.”

सॅटिनचं कापड पातळ होतं. टॉर्च कॉलरच्या आतल्या बाजूनं लावला की बाहेरून आकडे सावलीसारखे उमटत. सूचनाकारांनी एका हातानं चवरी ढाळली, दुसऱ्यानं टॉर्च मान आणि कॉलरच्या मध्ये खोचला, मग चवरी काखेत दाबली आणि खिशातल्या पेननं तळहातावर लिहिलं. सात. शून्य. चार. पुढचा आकडा शिवणीखाली गेला होता.

“जरा मान डावीकडे करा, महाराज.”

महाराजांनी मान डावीकडे केली. त्या बाजूला खरं म्हणजे राणी नव्हती, पण ते बेधडक तिकडे बघून राणीला उद्देशून असलेलं वाक्य म्हणाले. उजवीकडे उभी असलेली राणी, जी एरवी नेत्रतज्ज्ञ होती, धावत डावीकडे आली. दोन. नऊ.

“आणखी थोडी. शेवटचा आहे. तीन की आठ, कळेना!”

“अहो, मान मोडेल माझी!”

“आठ! आठच आहे! महाराज की जय!” सूचनाकारांना राहवलं नाही.

समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमधून दिग्दर्शकाचा आवाज आला. “कोण आहे तो सेवक? फार जीव ओतून काम करतोय! प्रयोगालाही ठेवा त्याला!”

सूचनाकार विंगेकडे धावत सुटले. त्यांना वाटत होतं आपण उडतोय. एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती! सात शून्य चार दोन नऊ आठ, सात शून्य चार दोन नऊ आठ, असं घोकत ते रंगपटात शिरले आणि फेट्यासकट बायकोसमोर येऊन हात पुढे केला.

“हे घे! टाक!”

बायकोनं वर पाहिलं. “आता कशाला? उघडला की.”

लॅपटॉपवर रोजचं पान दिसत होतं. डाव्या कोपऱ्यात वॉशिंग मशीनच्या पुस्तकाचं चित्र, शेजारी दुसऱ्या फोल्डरमधली दुसरी प्रत.

“कसा?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही हात लावू नकोस म्हणालात. मग बसल्या बसल्या करायचं काय? समोर होतं ते वाचलं,” बायको म्हणाली. “खूप लिहिलं होतं हो. अगदी तळाशी शेवटची ओळ होती, लॅपटॉपला एखादी वस्तू जोडलेली असेल तर ती काढून पुन्हा सुरू करा, किल्लीशिवाय उघडू शकेल. बघते तर सिंहाचा पेनड्राइव्ह बाजूला तसाच! भरतकाम संपल्यावर पुन्हा मीच लावून ठेवला होता. काढला, पुन्हा सुरू केला, उघडला.”

सूचनाकार भूलतज्ज्ञाच्या शेजारी मटकन बसले. पाठीत फ्रिजची कळ उठली. तळहातावर सहा आकडे घामानं पसरत होते. त्यांना हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी हे कळेना, आणि मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की रंगमंचावर प्रधानजी आपलं वाक्य विसरले. बायकोनं सूचना वाचल्या होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत! बावीस वर्षांत हा दिवस उगवला होता, आणि उगवला तो नेमका त्यांनीच न वाचलेल्या पानावर.

“पाठवा आता,” बायको म्हणाली. “पावणेदोन व्हायला आलेत.”

पण त्यांना भरून आलं होतं. तसंच पाठवणं त्यांना अपुरं वाटलं. त्यांनी पुस्तक उघडलं, पान एकेचाळीसवर गेले. ते पान म्हणजे पुस्तकाचा जीव. यंत्राची जाळी कशी साफ करावी, त्याच्या नऊ पायऱ्या एका चौकटीत दिलेल्या. त्या चौकटीच्या डोक्यावर त्यांनी एक नवी ओळ टाकली: ‘कृपया या सूचना अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.’ मग मोबाइलचं नेट जोडलं आणि एक वाजून बावन्न मिनिटांनी पुस्तक छापखान्याला रवाना झालं. लगेच मालकांचा फोन आला. “आलं हो. आता टाकतो मशीनवर.” सूचनाकारांनी सेवकाचा फेटा हवेत उडवला.

आठ दिवसांनी पुस्तकं आली. पहिल्या पानाच्या तळाशी त्यांचं नाव होतं, आणि त्यावरून त्यांनी तीनदा बोट फिरवलं. बायकोनं हात पुसले, चष्मा लावला, पुस्तक घेतलं आणि चक्क पहिल्या पानापासून वाचायला बसली. सूचनाकार समोरच्या खुर्चीत श्वास रोखून बसून राहिले. ती वाचत होती. पानं उलटत होती. मधेच मान हलवत होती. इतकं सुख त्यांनी लग्नातही अनुभवलं नव्हतं.

पान एकेचाळीसवर ती थांबली.

“अहो, हे बरोबर आहे का? इथे वर लिहिलंय शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग पहिली पायरी, मशीन बंद करा. मग झाकण उघडा, पाणी काढा, जाळी काढा, धुवा, पुसा, बसवा, झाकण लावा. आणि संपलं. मशीन पुन्हा चालू करा असं कुठेच नाही.”

“असं कसं होईल? नववी पायरी तीच आहे.”

“आठच आहेत.”

सूचनाकारांनी पुस्तक हिसकावलं. आठच होत्या. चौकटीचं माप ठरलेलं होतं. वरून एक ओळ आत घुसली तेव्हा तळाची एक ओळ मुकाट्यानं बाहेर पडली होती. कुठल्याही दुसऱ्या दिवशी हे त्यांच्या झोपेतही लक्षात आलं असतं. आता घरोघरी लोक जाळी धुऊन, पुसून, झाकण लावून मशीनसमोर उभे राहणार, आणि ते का चालत नाही म्हणून पहिल्या पानावरचं नाव बघणार!

“किती प्रती छापल्या?” बायकोनं विचारलं.

“दहा हजार.”

बायकोनं चष्मा काढून ठेवला, उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बावीस वर्षं जे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागत आलं होतं ते फार मायेनं म्हणाली.

“काळजी करू नका हो. वाचतंय कोण!”

आणि सूचनाकारांना एकदम इतकं बरं वाटलं, की त्यांनी तिला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.